कुठल्या कलमाखाली, साहेब?

नमस्कार सोलापूरकर! जेवणं झाली का? नसतील तर ताट घेऊनच बसा आणि ऐका की जरा.

चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो, रिक्षावाले तिथंच कचाकच हॉर्न मारतात आणि पुतळ्यांकडं मान वर करून बघायला टाइम कुणाला हाय? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. तारीख गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांतलीच, म्हणून हार तरी पडतात. कुर्बान हुसेन 'गजनफर' नावाचा पेपर चालवायचे, हे मात्र आपल्यातल्या कितीजणांना माहीत असतंय कोण जाणे.

फाशी सगळ्यांना पाठ आहे ओ, पण मला बोलायचंय त्या आधीच्या मार्शल लॉबद्दल, म्हणजे शहरावर लष्कराचा कायदा लागला होता त्याबद्दल. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, 8 तारखेला गोळीबार झाला, मग पोलीसच शहर सोडून गेले आणि काही दिवस काँग्रेसच्या पोरांनी गाव सांभाळलं. 12 मेला लष्कर आलं ते जून संपेपर्यंत हललं नाही. तिरंगा हातात दिसला तरी जेल. गुन्हा कशाला म्हणायचं ते लष्कर ठरवणार, शिक्षा पण लष्कराचंच कोर्ट देणार, मग माणसानं 'माझं चुकलं काय' हे विचारायचं तरी कुणाला?

आज विचारता येतंय, आणि आपण विचारत नाही, माझा राग आहे तो ह्याच्यावर. रात्री फोन येतो, 'पोराला घेऊन चौकीला या', की आई पदर खोचून निघाली, कागद नाही, कारण नाही, बाहेरच्या बाकड्यावर बारा वाजेपर्यंत बसून राहते, आत पोराला काय विचारायलेत ते तिला कुणी सांगत नाही, आणि बिचारी शिपायालाच चहा आणून देते!

अरे, घटनेचं कलम 22 आहे की. अटकेचं कारण सांगावंच लागतं, वकील करता येतो, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. अटक न करता आरोपीला हजर राहायला सांगायचं तर नोटीस पाहिजे, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून चालत नाही असं सुप्रीम कोर्टानंच 2025 मध्ये सांगितलंय. बाईला साक्षीसाठी चौकीत बोलवता येत नाही, जबाब तिच्या घरी येऊन घ्यायचा.

'कुठल्या कलमाखाली, असं विचारलं की साहेब भडकतात,' असं लोक म्हणतात. भडकतात, खरंय. म्हणून एकट्यानं जाऊ नका, गल्लीतलं कुणीतरी बरोबर घ्या, आवाज न चढवता विचारा आणि कागदाची कॉपी मागा. वकिलाला पैसे नसतील तर 15100 ला फोन लावा, ती सरकारी विधी सेवेची हेल्पलाइन आहे, आणि बायकांना तर मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अटच नाही. विडी वळणाऱ्या मावश्यांनो, हे तुमच्यासाठी परत सांगते, पेन घ्या: एक, पाच, एक, शून्य, शून्य.