हाडांना वचन आहे, हाकेला कुठेय?

जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च. उंचावर ती चांदीची पेटी दिसतेय ना, तिच्यात सेंट फ्रान्सिस झेवियर, म्हणजे आपला गोंयचो सायब. वारले १५५२ ला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, १५५४ ला शव गोव्यात आलं, आणि आता साधारण दर १० वर्षांनी पेटी खाली उतरवून शव समोरच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनाला ठेवतात, मागच्या वेळी नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५, रांगेत हिंदूही भरपूर. उजवा हात मात्र इथे नाहीये, कोपराखालचा भाग रोमला गेलाय.

प्रोटेस्टंट, म्हणजे कॅथलिक चर्चपासून वेगळी झालेली ख्रिस्ती मंडळी, विचारतात, संतांच्या अवशेषांना मान देणं आणि संतांना हाक मारणं, हे बायबलमध्ये कुठेय?

गंमत बघा, जे सगळ्यात विचित्र वाटतं, म्हणजे हाडांचा मान, त्यालाच बायबलचं सगळ्यात सरळ वचन मिळतं. बायबलमधलं २ राजे हे पुस्तक, अध्याय १३. काही लोक एकाला पुरायला निघालेत, तेवढ्यात मवाबी लुटारू दिसतात, घाबरून प्रेत जवळच्याच अलीशा संदेष्ट्याच्या कबरेत टाकतात, आणि हाडांना स्पर्श होताच मेलेला माणूस उठून उभा! प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये तर प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांकडे नेतात आणि ते बरे होतात. अर्थात अलीशाच्या कबरेवर कुणी नवस बोलायला गेलं नव्हतं, तो नुसता योगायोग, हेही सांगायला हवं.

खरी अडचण पुढे आहे. मेलेल्या संताला हाक मारून ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणा, असं बायबलमध्ये कुठेच सांगितलेलं नाही. कॅथलिक बाजू प्रकटीकरण ५ दाखवते, तिथे स्वर्गातले २४ वडील, म्हणजे वडीलधारे, सोन्याच्या वाट्यांत धूप घेऊन आहेत आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. पण त्या वडिलांना पृथ्वीवरून कुणी हाक मारतंय असं काय तिथे दिसत नाही. समोरचे लगेच १ तीमथ्य २:५ काढतात, देव आणि माणसांमध्ये मध्यस्थ एकच, येशू. त्यावर कॅथलिक म्हणतात, अहो चार ओळी आधी पौलच सांगतोय की सगळ्यांसाठी विनंत्या करा, मग शेजाऱ्याला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणता तेव्हा मध्यस्थ दोन होतात का? मला हा मुद्दा दमदार वाटतो, फक्त शेजारी जिवंत असतो.

मेलेला माणूस जिवंतांसाठी प्रार्थना करतोय असं स्पष्ट चित्र २ मक्काबी १५ मध्ये आहे, यहुदी सेनानी यहूदा मक्काबीच्या स्वप्नात यिर्मया संदेष्टा येतो आणि तो लोकांसाठी खूप प्रार्थना करतोय असं सांगितलं जातं. पण नेमकं हे पुस्तक प्रोटेस्टंट शास्त्र म्हणून धरतच नाहीत! म्हणजे भांडण वचनावर कमी, बायबलमध्ये पुस्तकं कुठली यावर जास्त. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५४६ ला मक्काबी शास्त्रात पक्कं केलं, आणि १५६३ ला संतांना हाक मारणं ‘चांगलं आणि उपयोगी’ ठरवलं. सक्तीचं आहे असं तिथेही लिहिलेलं नाही.