तापाचा दिवस कितवा?

[दृश्य: लॅबची खिडकी. सॅम्पलच्या बाटल्यांचा स्टँड. कॅमेरा हळूहळू एका फॉर्मवर येतो.]

नाव लिहिलंय. वय लिहिलंय. मोबाइल नंबर तर दोनदा लिहिलाय. तपासणी : डेंग्यू. खालचा एक रकाना मात्र कोरा आहे. 'तापाचा दिवस कितवा?'

सप्टेंबर महिना. पुण्यात पाऊस येऊन-जाऊन आहे, कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचलंय आणि लॅबच्या खिडकीशी सकाळी आठपासून रांग आहे. आतला टेक्निशियन फॉर्म परत सरकवतो. "ताप कधी आला?" "झाले की तीन-चार दिवस." "तीन की चार?" समोरचा माणूस वैतागतो. रक्त दिलंय, पैसे भरलेत, आता काय ते मशीन सांगेल!

नेमकं हेच मशीन सांगत नाही. आणि तो आकडा माहीत नसेल तर मशीन जे सांगतं, त्याचा अर्थ लावताना घोळ होतो.

[दृश्य: लाल आणि जांभळ्या झाकणाच्या बाटल्या, सेंट्रिफ्यूज फिरू लागतं.]

जांभळ्या झाकणाच्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून रसायन असतं. ती बाटली पेशी मोजायला जाते. लाल झाकणाच्या बाटलीत रक्त मुद्दाम गोठू देतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ती गरगर फिरवली की गुठळी तळाशी बसते आणि वर फिकट पिवळं पाणी उरतं. ते सिरम. आजची शोधाशोध मुख्यतः या चमचाभर पाण्यातली.

डास चावल्यापासून साधारण चार ते दहा दिवसांत ताप येतो. ताप चढतो तेव्हा विषाणू रक्तात आधीच पसरलेला असतो. पहिले चार-पाच दिवस तो रक्तात भरपूर सापडतो. तो स्वतःचं एक प्रथिनही रक्तात सोडत असतो. त्याचं नाव एनएस-१. या दिवसांत रक्त घेतलं तर एनएस-१ची तपासणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता चांगली. पीसीआर केली, तर विषाणूचा आरएनएच, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्यच, हाती लागतं आणि डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी हा कोणता, तेही कळतं.

मग शरीर जागं होतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम नावाची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, दिसू लागतात आणि विषाणू ओसरू लागतो. सातव्या दिवशी एनएस-१ शोधायला गेलात तर बऱ्याचदा हात हलवत परत याल. दुसऱ्या दिवशी आयजीएम शोधायला गेलात, तरी तेच. पेशंट तोच, आजार तोच, आणि हातात दोन निगेटिव्ह रिपोर्ट. दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. चुकला तो दिवस.

डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल तर गणित आणखी बिघडतं. आधीच्या वेळची प्रतिपिंडं एनएस-१ला चिकटून बसतात आणि ते लपतं. आयजीएमही कधी कधी जेमतेमच वाढतं. आयजीजी हा प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार मात्र झपाट्याने वर जातो. म्हणून अनुभवी डॉक्टर नुसता 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' शब्द वाचून कागद बाजूला ठेवत नाहीत.

[दृश्य: एलायझाची प्लेट, अगदी जवळून. हातमोजे घातलेला हात, पिपेट.]

ही एलायझाची प्लेट पाहा. एलायझा म्हणजे रंगावरून आयजीएमसारखं प्रथिन ओळखायची तपासणी. प्लेट तळहाताएवढी. आठ ओळी, बारा रकाने, शहाण्णव खळगे. लॅबमध्ये त्यांना 'वेल' म्हणतात. सिरम शंभरपट पातळ करून एकेका वेलमध्ये सोडलं जातं. वेलच्या तळाशी आयजीएमला पकडून ठेवणारा लेप असतो. रक्तातलं सगळं आयजीएम तिथे अडकतं, मग ते डेंग्यूचं असो वा आणखी कशाचं. एक तास थांबायचं. धुवायचं. मग डेंग्यूचा अँटिजेन, म्हणजे प्रतिपिंडं ज्याला ओळखून चिकटतात तो विषाणूचा भाग, घालायचा. अडकलेलं आयजीएम डेंग्यूविरुद्धचं असेल तरच ते हा अँटिजेन धरून ठेवेल. पुन्हा तास. पुन्हा धुणं. मग त्या अँटिजेनला चिकटणारी खुणेची प्रतिपिंडं, पुन्हा धुणं, मग रंग आणणारं एन्झाइम, आणि परत एकदा धुणं.

धुण्यात आळस केला तर सगळी प्लेट रंगते आणि गावभर डेंग्यू दिसायला लागतो. टेक्निशियन प्लेट उलटी करून टिपकागदावर थापटतात. धप्, धप्, धप्. चार तासांच्या या कामाचा आवाज म्हणजे एवढाच.

शेवटी रंगद्रव्य पडतं. काही वेल निळे होऊ लागतात. दहा मिनिटांनी आम्लाचा थेंब पडतो आणि निळ्याचं झटक्यात पिवळं होतं. बाकीचे वेल पाण्यासारखे स्वच्छ. डोळ्यांना दिसलं तरी निकाल डोळ्यांवर सोडत नाहीत. रीडर प्रत्येक वेलमधून प्रकाश सोडून आकडा देतो आणि तो आकडा कंट्रोलच्या, म्हणजे ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं त्या, वेलशी ताडून पाहतात.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात वीस मिनिटांत रेघ दाखवणारी कार्ड टेस्ट सोयीची आहे, पण सरकारी यंत्रणा डेंग्यूची खात्री एलायझावर करते. देशभरातल्या सेंटिनल, म्हणजे साथीवर नजर ठेवायला नेमलेल्या, रुग्णालयांना आयजीएमची ही किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून जातात. आपण तिला एनआयव्ही म्हणून ओळखतो.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. जंगल, तंबू, पिंजरे.]

एनआयव्ही १९५२ साली सुरू झाली, व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने. तेव्हा ना एलायझा होती, ना पीसीआर. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. माकडं मरतायत म्हटल्यावर पहिली भीती पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. तो आशियात आला असता तर हाहाकार झाला असता. पुण्याहून माणसं गेली, माकडांचं आणि रुग्णांचं रक्त घेऊन आली. ते रक्त उंदरांच्या तान्ह्या पिलांना टोचलं आणि पिलं आजारी पडतात का, याची वाट पाहिली. विषाणू शोधण्याचा तेव्हाचा रस्ता हाच होता. विषाणू मिळाला. तो पीतज्वराचा निघाला नाही, गोचिडीतून पसरणारा नवाच निघाला.

तोच हा 'माकडताप'. २०१६ साली सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. काजूच्या बागेत, रानात जाणाऱ्यांना गोचीड चावते आणि ताप भरतो. माकडताप आणि डेंग्यू, दोन्ही एकाच कुळातले विषाणू. या कुळातल्या एकाची प्रतिपिंडं कधी कधी दुसऱ्याच्या तपासणीतही उत्तर देतात. त्यामुळे दोडामार्गातल्या पेशंटला ताप कितव्या दिवसाचा, याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : "रानात गेला होतात का?"

[दृश्य: रुग्णालयाचा कॉरिडॉर. मोबाइलवर बोलणारे नातेवाईक.]

इकडे पुण्यात वेगळीच धावपळ. "पांढऱ्या पेशी चाळीस हजारांवर आल्यात, रक्ताची सोय करा!" बोली भाषेत प्लेटलेट्सना पांढऱ्या पेशी म्हणायची पद्धत पडून गेली आहे. खरं तर त्या वेगळ्या. डेंग्यूत दोन्ही कमी होतात, म्हणून हा गोंधळ कुणाला खुपतही नाही. प्लेटलेट्सचा आकडा घसरला की घरातले हबकतात, पपईच्या पानांचा रस शोधत फिरतात. पण रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट्सची पिशवी लावायची गरज नसते. डॉक्टरांचं लक्ष असतं ते ताप उतरण्याच्या दिवसांवर. याच दिवसांत रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू शकतं. म्हणून ते हिमॅटोक्रिट पाहतात, रक्त घट्ट होतंय का ते. "ताप उतरला, आता घरी सोडा," असं नातेवाईक म्हणतात तेव्हाच डॉक्टर सावध होतात.

[दृश्य: रक्तपेढी. प्लेटलेट्सच्या पिशव्या यंत्रावर हलताहेत.]

पिशवी लागलीच तर ती इथून येते. प्लेटलेट्स फ्रीजमध्ये चालत नाहीत. वीस ते चोवीस अंशांवर, सतत हलवत ठेवायच्या, आणि पाच दिवसांत वापरायच्या. दान केलेलं रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासल्याशिवाय कुणाला देता येत नाही.

आणि इथेही दिवसच आडवा येतो. दात्याला एचआयव्हीचा संसर्ग परवा झाला असेल तर आज कोणतीही तपासणी तो पकडणार नाही. नुसती प्रतिपिंडं शोधणाऱ्या तपासण्यांना साधारण तीन आठवडे लागतात. विषाणूचा अँटिजेनही शोधणारी एलायझा हे अंतर दोन आठवड्यांच्या आसपास आणते. नॅट, म्हणजे थेट विषाणूचा आरएनए शोधणारी तपासणी, ते दहा-बारा दिवसांवर आणते. शून्यावर कुणीच आणलेलं नाही. या मधल्या दिवसांना 'विंडो पिरियड' म्हणतात.

तेवढे दिवस मशीनच्या हातात काहीच नसतं. म्हणून रक्तदात्याला एक फॉर्म देतात. त्यातले प्रश्न खासगी असतात, थोडे अवघडही. शिबिरात मित्रांच्या घोळक्यात बसून, कुणी खांद्यावरून डोकावत असताना, लोक तो घाईघाईने भरतात. सगळीकडे 'नाही'वर टिक.

[दृश्य: पुन्हा वॉर्ड. नर्स दंडाला पट्टा बांधते.]

सकाळच्या त्या पेशंटचा आयजीएम निगेटिव्ह आला. घरचे खूश. डॉक्टर मात्र पुन्हा सॅम्पल मागतात. नर्स शीर शोधते, लाल झाकणाची बाटली भरते, फॉर्म पुढे ओढते आणि आईकडे वळते.

"मावशी, ताप नक्की कधी आला?"

आई थोडा विचार करते. "गौरी जेवल्या ना, त्याच रात्री अंग तापलं होतं बघा."

नर्स भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने मोजते. रकान्यात लिहिते : ६.