धक्क्याची सावली

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडच्या किनाऱ्यावर, घरांच्या मागे पसरलेले हे हिरवे पट्टे दुरून कुरणासारखे वाटतात. प्रत्यक्षात ती खाऱ्या पाण्याची खाजणे आहेत. कोकणातल्या खाजणात खारफुटी असते. इथल्या कडाक्याच्या थंडीत ती तगत नाही, म्हणून इथला चिखल स्पार्टिना नावाच्या गवताने धरून ठेवला आहे. त्याच्या मुळाशी शिंपले रुतलेले असतात, भरतीबरोबर लहान मासळी आत शिरते आणि वादळी लाटांचा जोर घरांपर्यंत पोहोचण्याआधी याच गवतात ओसरतो.

या खाजणापलीकडे होडी लागेल इतके पाणी आहे, आणि घरमालकाला तिथपर्यंत लाकडी धक्का बांधायचा आहे. जमीन त्याचीच आहे, कारण 1640च्या दशकातल्या वसाहतकालीन हुकुमाने इथली खासगी मालकी थेट ओहोटीच्या रेषेपर्यंत, मात्र कमाल 1,650 फुटांपर्यंत, नेऊन ठेवली. तरीही एक खांब रोवायचा तर त्याला आधी गावाच्या संवर्धन समितीपुढे उभे राहावे लागते.

1957च्या कायद्याने स्थापन करता येऊ लागलेल्या या समित्यांत तीन ते सात सदस्य असतात, आणि ते बहुधा विनावेतन काम करणारे गावकरीच असतात. अर्जासोबत नकाशा लागतो, खाजणाची कड जागेवर छोटे झेंडे रोवून दाखवावी लागते, 100 फुटांच्या आतल्या शेजाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि अर्ज परिपूर्ण असल्यास 21 दिवसांत जाहीर सुनावणी सुरू होते.

सुनावणीत खरा खल होतो तो सावलीवर. राज्याच्या नियमांनुसार खाजणाचा कोणताही भाग नष्ट करता येत नाही. मात्र खालच्या गवताचे ऊन दिवसातला काही काळ अडवण्यापलीकडे ज्याचा काही अपाय नाही, अशा लहान बांधकामाला परवानगी देता येते. सगळा आराखडा या एका सवलतीभोवती फिरतो. धक्का चार फूट रुंद असेल, तर तो गवतापासून निदान चार फूट आणि शक्यतो सहा फूट उंच असावा, फळ्यांमध्ये उजेड झिरपेल इतकी फट असावी, आणि जमल्यास त्याची दिशा उत्तर-दक्षिण असावी, म्हणजे सावली एकाच जागी न बसता दिवसभर सरकत राहते.

गंमत अशी, की गवताला हवा असतो उंच धक्का, आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत खुपतो तोही उंचच. खिडकीतून दिसणारे पाणी झाकले जाते, ही तक्रार राज्याच्या पाणथळ संरक्षण कायद्यात बसत नाही. त्या कायद्याला पूर, वादळ, प्रदूषण, मासळी, शिंपले, वन्यजीव आणि पिण्याचे पाणी यांच्याशी कर्तव्य आहे. गावाचा स्वतःचा उपविधी मात्र याहून कडक असू शकतो, आणि डेनिस या गावाच्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली तो अधिकार मान्य केला. आमच्या मते या व्यवस्थेची खरी उणीव वेगळीच आहे: प्रत्येक अर्ज सुटा तपासला जातो, तेव्हा एका धक्क्याची सावली क्षुल्लकच ठरते, पण एकाच खाडीवर ओळीने धक्के उभे राहिले, तर त्यांच्या सावल्यांची बेरीज करणे अवघड होऊन बसते.

गावाने होकार दिला तरी भरतीरेषेखालच्या बांधकामासाठी राज्याचा वेगळा परवाना लागतो, आणि लष्कराच्या अभियंता विभागाचीही मान्यता लागते. जुन्या हुकुमाने मालकी दिली, तरी मासेमारी, पाणपक्ष्यांची शिकार आणि नौकानयन हे लोकांचे हक्क राखून ठेवले होते. त्यामुळे गळ घेऊन किनाऱ्याने निघालेल्या माणसाला धक्क्याखालून जाता येईल इतकी जागा, किंवा वरून ओलांडायला दोन्ही बाजूंनी पायऱ्या ठेवाव्या लागतात.

समितीचा अटींसह दिलेला आदेश साधारणपणे तीन वर्षे चालतो, आणि काम सुरू करण्याआधी तो जमिनीच्या दस्तऐवजांत नोंदवावा लागतो. बांधकाम संपल्यावर मंजूर नकाशाशी ताडून पाहिले जाते. धक्का ठरल्यापेक्षा बुटका निघाला, तर पूर्ततेचा दाखला अडतो, आणि तो मिळेपर्यंत घर विकायला काढले, तरी तो आदेश खरेदीदाराच्या वकिलाला दस्तऐवजांत दिसतच राहतो.