जाड टायरची गाडी, रविवारचा भाव

(दृश्य: खडकवासल्याची चौपाटी, सकाळचे पावणेसात. चहाची टपरी. कॅमेरा जमिनीलगत, फ्रेममध्ये फक्त टायर.)

पुण्यात रविवारी सकाळी खडकवासल्याला दोन तऱ्हेच्या सायकली येतात. एक अंगठ्याएवढ्या टायरच्या. त्यांचे मालक घट्ट कपड्यांत असतात आणि चहासुद्धा घाईत पितात. दुसऱ्या या, मनगटापेक्षा जाड टायरच्या. यांचे मालक भजी मागवतात. त्यांना घाई नसते, कारण चढावर पाय भरून आले तर ढकलायला मोटर असते. मी या दुसऱ्या टोळीतला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आज टोळीसमोर एक सौदा आलाय. बाणेरचा एक गृहस्थ, कंपनीने बंगळुरूला धाडलाय, गाडी विकायची आहे. नऱ्ह्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला एक मुलगा घ्यायला आलाय. घडीची फॅट बाईक, 20 इंची चाक, 4 इंची टायर, 250 वॉटची मोटर. तीन वर्षांपूर्वी 52,000 ला घेतलेली. डिस्प्लेवर एकूण अंतर 2,140 किलोमीटर. मागणी 30,000.

मुलगा टायर दाबून बघतोय. गाडी बघायला आलेला प्रत्येक जण आधी टायरच दाबतो.

(दृश्य: टायरच्या गोट्या, मग बर्फाचे जुने छायाचित्र.)

या टायरचा जन्म डांबरावरचा नाही. अलास्कात 1987 साली बर्फावरची एक सायकल शर्यत सुरू झाली, इडिटाबाइक. साधं चाक भुसभुशीत बर्फात रुतायचं, म्हणून लोकांनी दोन रिमा शेजारी शेजारी जोडून पाहिल्या. तिथल्याच सायमन राकोव्हर यांनी 44 मिलिमीटर रुंदीची रिम बनवली. तिकडे न्यू मेक्सिकोच्या वाळूत रे मोलिना यांनी त्याहून रुंद रिमा केल्या. मग 2005 मध्ये मिनेसोटाच्या सर्ली कंपनीने पग्सली नावाची सायकल दुकानात आणली, आणि टायरची रुंदी पावणेचार इंचांवर गेली. हेतू एकच होता. हवा कमी ठेवायची, टायर पसरू द्यायचा, वजन वाटून टाकायचं.

बर्फ आणि वाळू बाजूला ठेवून तोच टायर सिंहगड रोडवर आणला की काय होतं? खड्डे मऊ होतात, हे खरं. पण डांबरावर तो लोळत नाही, चिकटतो. मोटर नसती तर ही गाडी दत्तवाडी ओलांडताना मालकाने विकायला काढली असती. जाड टायर आणि मोटर यांची सोयरीक जमली ती प्रेमापोटी नाही, गरजेपोटी.

(दृश्य: काका गाडीभोवती फिरत आहेत. हातात चष्मा.)

कोथरूडचे काका, बँकेतून निवृत्त, स्वतःकडे 26 इंची मोठी फॅट बाईक. टोळीतले मूल्यमापन अधिकारी तेच.

"हे 20 इंच म्हणतात ना, ते म्हणायला. टायरसकट मोजा, 24 भरतंय की नाही बघा."

मोजलं. 60 सेंटिमीटरला जरा कमी, म्हणजे साडेतेवीस इंच. काका बरोबर.

ब्रेक यांत्रिक डिस्कचे आहेत, वायर ओढून चालणारे. 28 किलोच्या गाडीला तेलाचे असते तर बरं, पण पॅड घासले की घरी बदलता येतात. गिअर सात, शिमानोचे. मुलाला शिमानो हे नाव वाचून आनंद झाला. काकांनी तो लगेच कमी केला: "टुर्नी आहे ती. सगळ्यात खालची पायरी. चालते छान, पण तिच्यासाठी पैसे जास्त देऊ नकोस." पुढचा सस्पेन्शन फोर्क जड आहे आणि फारसा हलत नाही. हलला काय, न हलला काय, खरं सस्पेन्शन टायरच आहे.

मग पायडल मारून चाक फिरवलं. अर्धं पाऊण वेटोळं झाल्यावर मोटरने उचल घेतली. धायरीच्या ताई इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहेत. त्यांनी वाकून क्रँकजवळची, म्हणजे पायडलच्या दांड्याजवळची, चकती दाखवली. चकतीत लोहचुंबकाचे बारके ठिपके आहेत. पायडल फिरतंय की नाही, एवढंच तिला कळतं. किती जोर लावलाय, ते कळत नाही. म्हणून ही गाडी सिग्नलला आधी विचार करते आणि मग एकदम उडी मारते. जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असलेली गाडी पायाबरोबर चालते. फरक चालवून बघितल्याशिवाय पटत नाही, आणि एकदा पटला की आपली गाडी आवडेनाशी होते. त्यामुळे ताई आपली गाडी कुणाला चालवायला देत नाहीत.

(दृश्य: पंक्चरचे दुकान. घमेल्यात पाणी.)

इथे आमचं चित्रीकरण पाऊण तास थांबलं. चाचणीसाठी फेरी मारायला गेलेला मुलगा गाडी हाताने ढकलत परत आला. मागचं चाक बसलेलं.

पुढच्या चाकाचं पंक्चर म्हणजे सायकलचं पंक्चर. मागच्याचं प्रकरण वेगळं, कारण मोटर त्याच चाकाच्या पोटात आहे. आधी मोटरच्या वायरीचा जोड सुटा करायचा. मग एक्सलचे नट, 18 नंबरचा पाना. सायकलवाल्याकडे 15 चा असतो, 18 चा नसतो. त्यात एक दातवाला वायसर असतो. तो कुठल्या बाजूने बसवला होता याचा आधी फोटो काढून ठेवायचा. उलटा बसला किंवा राहिला, तर मोटर जोर लावते तेव्हा चाकाऐवजी एक्सलच फिरू पाहतो आणि वायर पिळून तुटते.

पंक्चरवाल्या दादांनी सगळं शांतपणे पाहिलं. ट्यूब बाहेर काढली, घमेल्यात बुडवली, बुडबुडा सापडला. बाभळीचा काटा. दादा म्हणाले, "पॅच मारतो. पण ही ट्यूब फाटली तर माझ्याकडे मागू नका. या मापाची अख्ख्या रस्त्यावर मिळायची नाही."

मग त्यांनी सवयीने स्कूटरची हवा भरली, 35 पौंड. गाडी चेंडूसारखी उडायला लागली. या टायरवर लिहिलेलीच कमाल हवा 30 आहे. रस्त्यावर आम्ही 15 ते 20 ठेवतो. कोकणात किनाऱ्यावर नेली तर 8 पर्यंत उतरवतो, आणि घरी आल्यावर चेन आणि डिस्क गोड्या पाण्याने धुतो.

(दृश्य: टपरी. भजी आली आहेत. ताई बॅटरीची चावी फिरवून पॅक बाहेर ओढतात.)

आता खरी गोष्ट. आडव्या नळीच्या पोटातून हा लांबट डबा निघाला. वरचं लेबल: 36 व्होल्ट, 10.4 अँपिअर-तास. गुणाकार केला तर 374 वॉट-तास. आत 40 सेल. प्रत्येक सेल 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब, रिमोटच्या पेन्सिल सेलपेक्षा थोडा मोठा. दहा-दहाच्या रांगा, अशा चार. त्यांच्यावर राखण करणारी एक सर्किटची पाटी, बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. पूर्ण भरला की 42 व्होल्ट, आणि 30-31 ला पाटी दार बंद करते, वीज बाहेर सोडत नाही.

लोक विचारतात, चार्जिंगला किती पैसे लागतात? युनिट म्हणजे 1,000 वॉट-तास. चार्जरमधली गळती धरून भिंतीतून जेमतेम 0.44 युनिट. 10 रुपये युनिट धरलं तरी साडेचार रुपयांच्या आत. माझी गाडी तेवढ्यात 25 किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला 18 पैसे. हा आकडा ऐकून माणूस गाडी घेतो.

दुसरा आकडा त्याला कुणी सांगत नाही. तो मला माझ्या खर्चाने कळला.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पाऊस लागला आणि मी गाडी पार्किंगमध्ये लावली. बॅटरी जवळजवळ रिकामी होती. म्हटलं, काढू की उन्हं पडली की. ती काढली गणपतीत. चार्जर लावला, तर दिवा लाल होईना, हिरवाच. मला वाटलं, वा, भरलेली आहे. दोन बटणं दाबली, डिस्प्ले काळा. पडून राहिलेल्या पॅकमधून ती राखणदार पाटीच थेंब थेंब वीज पीत असते. सेल इतके खाली गेले होते की पाटीने चार्जरलाही आत घ्यायचं नाकारलं. नवीन पॅक 17,500.

म्हणून हिशेब असा मांडा. पॅक 500 वेळा पूर्ण भरता येईल असं धरलं, तर 25 किलोमीटरच्या हिशेबाने 12,500 किलोमीटर. 17,500 भागिले 12,500, म्हणजे किलोमीटरला 1 रुपया 40 पैसे. वीज 18 पैसे. आम्ही वर्षानुवर्षं लाईट बिलाकडे बघत बसलो आणि पैसे भलतीकडेच जात होते. शिवाय सेल वयानेही म्हातारे होतात, गाडी उभी असली तरी. जो कमी चालवतो त्याला किलोमीटर अधिक महाग पडतो.

काकांनी कागदी बशीच्या मागे भागाकार केला. 52,000 वजा 30,000, भागिले 2,140.

"किलोमीटरला 10 रुपये 28 पैसे खर्च झालाय याचा. आता रिक्षाने फिरला असता तर?"

विकणाऱ्याला हसू आलं नाही.

"सिंहगड चढते का?" मुलाने विचारलं. प्रत्येक मुलगा हे विचारतो. ताईंनी उत्तर आकड्यांत दिलं. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत जवळपास 600 मीटरचा चढ. माणूस आणि गाडी मिळून 100 किलो. एवढं वजन नुसतं उभं वर न्यायलाच 163 वॉट-तास लागतात. चढावर चाक हळू फिरतं, हब मोटर तापते, बरीच वीज उष्णतेत जाते. सगळा भार मोटरवर टाकला तर नवा पॅकसुद्धा अर्ध्याहून जास्त रिकामा होईल. पाय मारले तर चढते. न मारता चढवायची म्हटलं, तर मोटरच्या आतले नायलॉनचे दाते आधी हात जोडतील.

(दृश्य: वेताळ टेकडी, लोक फिरायला आलेले.)

या टेकडीला पुणेकर एआरएआय टेकडी म्हणतात, कारण ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन इथेच आहे. या सायकलींना वाहन म्हणायचं की नाही, हे ज्या तपासणी संस्थांच्या दाखल्यावर ठरतं, त्यांच्यातली ही एक. नियम सोपा आहे: मोटर 250 वॉटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत. मग नोंदणी नको, लायसन नको. गंमत अशी की 250 हा सलग पेलायचा आकडा. मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर 15 अँपिअरचा असेल, तर चढावर तीच मोटर घटकाभर 500 च्या वर ओढते. आणि डिस्प्लेच्या मेनूत जाऊन 25 चा आकडा बदलणारे महाभाग आमच्या टोळीतही आहेत. तो आकडा बदलला की कागदावर तुमची सायकल, सायकल राहत नाही. नेदरलँड्समध्ये अशाच वाढवलेल्या वेगामुळे फॅट बाईक हा शब्द घरोघरी भांडणाचा झालाय.

(दृश्य: पुढचा रविवार. तीच टपरी. ताईंच्या हातात प्लगमध्ये लावायचा वीज-मीटर.)

आठवडाभरात ताईंनी एक काम केलं. विकणाऱ्याला गाडी बंद पडेपर्यंत चालवायला सांगितली, आणि चार्जर या मीटरमधून लावला. दिवा हिरवा झाला तेव्हा मीटरवर 0.31 युनिट. चार्जरमध्ये साधारण 15 टक्के जातात. म्हणजे पॅकमध्ये उतरले 264 वॉट-तास. मूळचे 374. लेबलवर अजून 10.4 च लिहिलंय, पण आत सत्तर टक्के उरलेत.

विकणारा म्हणाला, "मी तर गाडी पुसूनच ठेवायचो हो." गाडी खरंच चकचकीत आहे. रंगाला ओरखडा नाही.

मग घासाघीस. 30 वरून 26. मुलगा 18 वर अडलेला. काका मध्ये बसले, दोन्ही बाजूंचे वकील एकटेच. वर्ष-दीड वर्षात पॅक लागेल, त्याचे 17 वजा कर. नाही हो काका, सगळेच कसे वजा करता, फ्रेम आहे, मोटर आहे, मोटरला काही झालेलं नाही. झालं नाही हे उघडून पाहिलंस का? चहा दोनदा आला.

20,500 वर येऊन दोघं थांबले. 500 साठी. मुलाच्या खिशात 20,000 च होते, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

काकांनी बशीवर नवा भागाकार केला होता, 14 रुपये 72 पैसे, पण या वेळी तो मोठ्याने वाचला नाही.

मुलगा शेवटी म्हणाला, "साडेवीस देतो, पाचशे पुढच्या महिन्यात. पण ट्यूब आहे का एखादी जास्तीची?"

विकणारा काही बोलला नाही. कॅरियरला बांधलेल्या पिशवीत हात घालून त्याने खोकं काढलं, 20 बाय 4, अजून न उघडलेलं. वर 18 चा पानाही ठेवला.

"वायसरचा फोटो पाठवतो," तो म्हणाला. "नंबर दे."