पकडायचा, मोजायचा, सोडून द्यायचा

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळी माळावर पत्र्याचे छोटे सापळे मांडायचे. सकाळी आत सापडलेला उंदीर तोलायचा, त्याला खूण करायची आणि तिथेच सोडून द्यायचा. आपल्याकडे कुणी असं करू लागला, तर शेजारीपाजारी त्याला वेड्यात काढतील! अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सेव्हिलेटा अभयारण्यात शास्त्रज्ञ 1989 पासून नेमकं हेच करत होते. रोगाचा विचारही मनात नव्हता. पाऊस, गवत आणि प्राण्यांचं गणित मांडायचं होतं.

मग 1993 चा मे उजाडला. त्या भागात धडधाकट तरुण माणसं, त्यांत बरेच नवाहो आदिवासी, तापाने पडू लागली आणि फुप्फुसांत पाणी भरून दगावू लागली. काही आठवड्यांत छडा लागला: हंताव्हायरस नावाच्या गटातला एक विषाणू. तो बाळगणारा होता डीअर माऊस, पांढऱ्या पोटाचा, टपोऱ्या डोळ्यांचा उंदीर. त्याला स्वतःला काही होत नाही. पण त्याच्या वाळलेल्या मुताची, लेंड्यांची धूळ माणसाच्या श्वासात गेली की घात होतो. म्हणून तिकडे बजावतात, बंद खोली कोरडी झाडू नका. आधी जंतुनाशक शिंपडा.

पण त्याच वर्षी का? उत्तर सेव्हिलेटाच्या नोंदींत होतं. एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापल्यामुळे, पाऊस चांगला झाला (आपल्याकडे तो पाऊस पळवतो, तिकडे आणतो), बिया उदंड आल्या, उंदीर कित्येक पटींनी वाढले. नवाहो वडीलधारी माणसंही हेच सांगत होती: पिन्यनच्या, म्हणजे आपल्या चिलगोज्यासारख्या, बिया फार पिकल्या की उंदीर माजतात. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संग्रहालयात जुन्या उंदरांचे गोठवलेले नमुने होते, तेही तपासले. त्यांतही विषाणू निघाला. म्हणजे पाहुणा जुनाच, ओळख तेवढी नवी. नावावरून मात्र वाद झाला. आपल्या गावाचं नाव रोगाला कुणाला हवं असतं? शेवटी स्पॅनिशमध्ये नाव ठेवलं 'सिन नोम्ब्रे', म्हणजे बिननावाचा.

1997-98 मध्ये एल निनो परतला, तेव्हा उंदीर मोजणाऱ्यांनी लोकांना आधीच सावध केलं.

आपल्याकडेही एक नोंद आहे. 1964 मध्ये तमिळनाडूत वेल्लोरला जपानी मेंदूज्वराचा शोध चालू असताना एका चिचुंद्रीत वेगळाच विषाणू सापडला. (चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नव्हे, बरं का.) त्याला तिथल्या वस्तीवरून थोट्टापालयम म्हणू लागले. तो हंताव्हायरस आहे, हे कळलं बऱ्याच वर्षांनी.