आपल्यातलंच कुणी पेशंट होतं तेव्हा

पेशंटची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, हे इथं हॉस्पिटलात कुणाला शिकवायला नको. नातेवाईक म्हणवणाऱ्यानं फोनवर रिपोर्ट विचारला, तर आपली रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा त्याला बरोबर वाटेला लावते. मला बोलायचंय ते वेगळ्याच पेशंटबद्दल. आपल्यातल्याच.

समजा, एक सिस्टर चार दिवस ड्यूटीवर नाही. पाचव्या दिवशी कळतं, ती वरच्याच मजल्यावर ॲडमिट आहे. मग कुणीतरी कॉम्प्युटरवर तिचं नाव टाकतं. काळजीपोटीच, हेतू वाईट नसतो. हिमोग्लोबिन दिसतं आणि त्याच्याखाली गर्भधारणेच्या चाचणीचा निकालही दिसतो. तो तिनं कदाचित घरीही सांगितलेला नसतो. दुपारपर्यंत वॉर्डातल्या सगळ्यांचा सूर बदलतो. कुणी अवाक्षर काढलं नाही तरी तिला ते कळतं; चेहरा वाचणं हेच तर तिचंही काम!

लॉगिन मिळालं म्हणजे परवानगी मिळाली, असं आपण धरून चालतो. त्या पेशंटचे उपचार आज माझ्याकडे आहेत का, सॅम्पल माझ्या टेबलावर आहे का? नसेल तर मी विभागप्रमुख असलो तरी ती फाइल माझ्यासाठी बंद. कुणी, कधी, कोणाची फाइल उघडली याची नोंद बऱ्याच सिस्टिममध्ये राहते. ठीक आहे, पण ती उपयोगी पडते बोभाटा झाल्यावर. आणि टेबलावर उघडं पडलेलं रजिस्टर कोण वाचून गेलं, याची नोंद कुठं असते?

आता पेशंटला वापरलेली सुई चुकून आपल्यालाच टोचण्याबद्दल. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, 72 तासांच्या आत सुरू करायचं आणि 28 दिवस घ्यायचं, हे तुम्हाला पाठ आहे. मी लॅब सांभाळत होतो तेव्हा आमच्याकडचाच एक मुलगा आला, सुई टोचून दोन रात्री उलटल्यावर. ‘इतका उशीर का केलास?’ विचारलं. म्हणाला, ‘सर, रात्री लॅबमध्ये माझा रूममेट असतो.’

औषध कुठं मिळतं, ते वेळेत का घ्यायचं, सगळं ठाऊक असलेला हा मुलगा. मुदतीच्या आत आला, हे त्याचं नशीब. त्यानंतर कर्मचाऱ्यांच्या सॅम्पलवर आम्ही नावाऐवजी नंबर टाकू लागलो. यादी एकाच्याच कुलपात. दुसऱ्याच आठवड्यात ‘हा नंबर कोणाचा हो?’ असं विचारणारे निघालेच.

जागतिक वैद्यकीय संघटनेची जिनिव्हा घोषणा, म्हणजे डॉक्टरांची शपथ, 1948 सालची. पेशंटचं गुपित त्याच्या मृत्यूनंतरही पाळायचं, हे शब्द तीत 1968 मध्ये आले. गेलेल्या माणसाबद्दल आपण इतके काटेकोर, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं ऑपरेशन कसलं झालं ते ग्रुपवर ‘लवकर बरी हो’च्या मेसेजमध्ये लिहून मोकळे होतो!

वरिष्ठांनाही सगळं कळायला हवं असं नाही. कामावर कधीपासून येता येईल, वजन उचलायचं नाही का, नाइट ड्यूटी नको का, एवढ्यावर रोस्टर लागतं. त्यासाठी निदान कशाला?

ती परत आली की ‘बरं वाटतंय ना?’ विचारा आणि थांबा. तिला पुढचं सांगायचं असेल तर सांगेल. नसेल तर नेहमीसारखी पहिल्या बेडपासून हँडओव्हर द्यायला लागा.