गाय उलटते, तेव्हा आधी गव्हाण बघा

नमस्कार मंडळी. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात जा, नाहीतर शिरपूर-शहाद्याकडे जा, जनावरांच्या डॉक्टरला एक वाक्य हटकून ऐकू येतं : ‘गाय उलटस, डॉक्टर.’ म्हणजे गाय गर्भ धरत नाही. तीन-तीनदा भरवली, तरी एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर. मग बोलणं सुरू होतं ते भरलेली वीर्याची कांडी कोणती होती, भरणारा कोण होता, यावर. गव्हाणीत काय पडतं, हे कोणी काढत नाही. माझ्या मते पुष्कळ गायींचं उलटणं तिथूनच सुरू होतं, आणि तेही विण्याच्या दोन महिने आधीपासून.

गाय सात महिन्यांची गाभण झाली की तिला आटवायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आटली की तिची आंबोणही, म्हणजे ढेप-भरड्याचा खुराकही, बंद होते. ‘दूध देत नाही, तर खुराक कशाला?’ पोटातलं वासरू सगळ्यात जास्त वाढतं ते याच शेवटच्या दिवसांत, आणि कासही याच काळात पुढच्या वेतासाठी तयार होते. या दोन महिन्यांत रोज दीड-दोन किलो आंबोण तिला मिळायलाच हवी. मात्र तिला लठ्ठही करू नका. फार चरबी चढलेली गाय विताना अडते आणि व्याल्यावर खाणं टाकते.

आता व्याल्यानंतरचं बघा. दूध सहा ते आठ आठवड्यांत शिगेला पोचतं, पण गायीची भूक पूर्ण खुलायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात ती अंगावरचं मांस-चरबी जाळून दूध देते. फासळ्या दिसायला लागतात, माकडहाडाजवळ खळगा पडतो. अशा गायीचं शरीर आधी जीव सांभाळणार, मग दूध, आणि सगळ्यात शेवटी गर्भ. ती माजावर येत नाही, किंवा आली तरी ठरत नाही. तिला कितीही भारी कांडी भरा.

हिशेब साधा आहे. चारशे किलोच्या दुभत्या गायीला दिवसाला चारा-खुराकातला, पाणी वगळून, दहा-बारा किलो सुका भाग पोटात जायला हवा. आंबोण शरीरासाठी दीड किलो, वर दर लिटर दुधामागे चारशे ग्रॅम, म्हशीला पाचशे. दहा लिटरच्या गायीला झाली साडेपाच किलो. किती गोठ्यांत एवढी पडते, ते तुम्हीच सांगा. (एक आवाज : ‘ढेपेचा भाव बघा ना!’) भाऊ, बरोबर आहे. पण ती गाय दोन महिने उशिरा ठरली, तर तेवढे दिवस भाकड जनावर पोसण्याचा खर्चही त्याच वहीत लिहा.

सरकीच्या ढेपेबद्दल थोडं. आपल्याकडे कापूस आहे, म्हणून ढेप आहे, आणि ती चांगलीच आहे. पण नुसती ढेप म्हणजे संतुलित आहार नव्हे. तिच्यासोबत मका भरडा आणि गव्हाचा कोंडाही हवा. लहान वासरांना ढेप घालू नका; सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, मोठ्या जनावराचं पोट ते बरंचसं निष्प्रभ करतं, वासराला ते बाधतं.

दादर ज्वारीच्या कडब्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. पण कडब्यात प्रथिनं कमी, स्फुरदही (फॉस्फरस) कमी. गाय भिंत चाटते, चिंध्या चघळते, हाडूक तोंडात धरते, तेव्हा ती खोडकर नसते, बहुतेकदा तिला स्फुरद कमी पडलेलं असतं. रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण घाला. केळीचं खोड कुट्टी करून घालता, ते घाला. पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पोट फुगलेलं दिसेल, पोषण होणार नाही. आणि पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी कापून आणू नका. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतली विषबाधा, लागली तर डॉक्टर पोचेपर्यंत जनावर हातचं जातं.

उन्हाळा हा आपला मोठा वैरी. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा ठरलेला गर्भही पहिल्या काही दिवसांत मरतो. गोठ्याच्या पत्र्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाड थर टाका, पाणी दिवसभर समोर ठेवा, वैरण पहाटे आणि रात्री घाला. म्हशी उन्हाळ्यात मुका माज दाखवतात. ना ओरडतात, ना उड्या मारतात. रात्री झोपण्याआधी आणि पहाटे एकदा गोठ्यात फेरी मारा, योनीतून पडणारा काचेसारखा चिकट सोट दिसतो का बघा. बॅटरी घेऊन हे काम बहुतेक घरांत बायकाच करतात, आणि नोंद मात्र पुरुषाच्या डोक्यात असते. वही बायकांच्याच हातात द्या.

माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सोट पांढुरका, पुवासारखा असेल तर भरवू नका. गर्भाशय आजारी आहे, आधी उपचार. हा आजार पुष्कळदा व्याल्यावर पडायची वार अडकल्यावर सुरू होतो. वारेला दगड-चप्पल बांधण्याचा प्रकार अजून दिसतो. तो बंद करा. बारा तासांत वार पडली नाही तर डॉक्टरला बोलवा, स्वतः ओढू नका.

लसीकरणाचं लांबवत नाही. 2022 च्या लम्पीच्या साथीत राज्यातली पहिली नोंद आपल्या रावेर तालुक्यातल्या चिनावलची होती, तेव्हा तुम्हाला वेगळं सांगायला नको. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा. आणि कालवड चार ते आठ महिन्यांची असताना ब्रुसेलाची लस एकदाच. गाय गाभडली तर वार आणि मेलेलं वासरू उघड्या हातांनी उचलू नका, ब्रुसेलाचा रोग माणसालाही होतो.

मागून एका ताईंनी विचारलंय, माजानंतर दोन दिवसांनी रक्त दिसलं म्हणजे गाय उलटली का? नाही. माज होऊन गेल्याची ती खूण आहे, ठरली की नाही हे त्यावरून कळत नाही. माज तुमच्या नजरेतून सुटला असेल, तर रक्त दिसलेली तारीख लिहा आणि अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी गायीवर लक्ष ठेवा.